विनीच्या बाळंतघरातल्या बॅटऱ्या

विनी ब्लेंकिनकडं मी पहिल्यांदा गेलो तो माझ्या जुन्या कॅरॅव्हॅनची, म्हणजे मोटारीमागं ओढायच्या चाकांवरल्या घराची, बॅटरी ढकलगाडीत घालून. बाई दारातल्या ओट्यावर बसून दुसऱ्याच कुणाच्या बॅटरीच्या टोकांना मलम चोळत होती. डबा काही ओळखीचा वाटेना म्हणून विचारलं, तर मान वर न करता म्हणाली,

"डुकरिणीच्या सडाला लावायचं हाय. थंडीत सड फुटत्यात तवा."

"आणि बॅटरीला चालतं?"

"एकतीस वर्सं हजारभर सडांना चाललं. हिला तर दोनच टोकं. न चालायला काय धाड भरली?"

त्यानंतर दर नोव्हेंबरात माझी बॅटरी तिच्याकडं आणि शनिवारी मी तिच्याकडं, असा रिवाज पडला. तिच्याच्यानं पंचवीस किलोचं ओझं उचलवत नव्हतं आणि तसं म्हणून दाखवणं तिला जमत नव्हतं. मग ती म्हणायची, "आलाच हाईस तर ती तिकडं सरकव." मी आलेलोच असायचो.

आमचं हॉमथॉर्प गाव समुद्राच्या तोंडाला आहे आणि ते तोंड दरसाल दोन-चार हात जमीन गिळतं. विनी ज्या घरात जन्मली ते घर आता भरतीच्या पाण्याखाली आहे. "माझं माहेर मासे सांभाळत्यात," असं ती बिनदिक्कत सांगायची. लग्न करून आली ती दोन शेतं आत, सिरिल ब्लेंकिनच्या घरी. सिरिलकडं ऐंशी डुकरिणी. नवऱ्याला औताची, ट्रॅक्टरची आवड. जनावराच्या बाळंतपणाची त्याला किळस. तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात विनी बाह्या वर सारून उतरली, ती एकतीस वर्षं वर आली नाही. कुठल्या डुकरिणीला किती दिवस झाले, कुठली पिल्लं चिरडते, कुणाच्या वेताला एक किरटं हमखास निघतं, हे सगळं तिला तोंडपाठ. किरटं पिल्लू निघालं की ते स्वेटरच्या आत घालून स्वयंपाकघरात आणायचं आणि चुलीपाशी बाटलीनं पाजायचं. अशी किती जगवली विचारलं तर म्हणायची, "मोजली असती तर कापायला धाडवली असती व्हय?"

मग एका साली डुकराचा भाव असा पडला की खाद्याची गोणी महाग आणि डुक्कर स्वस्त. दोन वर्षं ओढून बघितलं. शेवटी ट्रक आला आणि शेवटच्या बावीस डुकरिणी घेऊन गेला. विनीनं वाडा धुतला, चुन्याच्या निवळीनं दोनदा धुतला, आणि सिरिल एक अख्खा हिवाळा खुर्चीत बसून राहिला.

रिकाम्या आवारात कुणीतरी कॅरॅव्हॅन ठेवू का विचारलं. मग दुसऱ्यानं विचारलं. आमच्याकडं घरटी एक कॅरॅव्हॅन. उन्हाळाभर गाडीमागं ओढत हिंडायचं आणि ऑक्टोबर सरला की ती कुठं ठेवायची ही पंचाईत. पाच वर्षांत डुकरांच्या आवारात साठ कॅरॅव्हॅन उभ्या राहिल्या. सिरिल तोवर गेला होता.

बॅटऱ्यांचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. लोक दार लावून जायचे, बॅटरी आत तशीच. हिवाळाभर तिच्यातलं थोडं थोडं झिरपत राहायचं. रिकामी झालेली बॅटरी गारठ्यात गोठायची नि तडकायची. वसंतात मालक यायचा, दिवा लागायचा नाही, पंप चालायचा नाही, आणि तो विनीला बोलायचा. एक-दोन वर्षं तिनं ऐकून घेतलं. तिसऱ्या वर्षी म्हणाली, "आणा इकडं समदी. मला दुसरं कायबी येत न्हाई, पर लहान जीव हिवाळ्यातनं काढायला येतंय."

आणि ती बॅटऱ्या घेऊन गेली कुठं, तर डुकरिणींच्या बाळंतघरात. लांबट कौलारू खोली, दोन्ही बाजूंना मिळून चोवीस कप्पे. प्रत्येक कप्प्यात एका अंगाला पिल्लांची जागा, वर साखळीला टांगलेला शेकाचा तांबडा दिवा, आणि भिंतीत त्या दिव्याचं बटण, त्याच्याखाली विजेचा सॉकेट. विजेचे चोवीस सॉकेट एका खोलीत, आणखी काय पाहिजे? विनीनं दिवे बंद ठेवले आणि सॉकेटांना चार्जर लावले. पिल्लं झोपायची त्या फळ्यांवर बॅटऱ्या. प्रत्येकीच्या कानाला, म्हणजे उचलायच्या कडीला, डुकराच्या कानात मारायचा पिवळा बिल्ला. बिल्ल्याचा आकडा आणि मालकाचं नाव भिंतीवरच्या पाटीवर खडूनं.

तिची शिस्त साधी. नोव्हेंबरात बॅटरी काढताना आधी काळी वायर सोडायची, मग तांबडी. मार्चात जोडताना काळी शेवटी. हे ती चर्चच्या पाद्र्यालासुद्धा शाळेतल्या पोरासारखं म्हणायला लावायची. मग वरून पुसायची, बुचं उघडून आत पाणी किती ते बघायची. काचेची पिचकारी असते, तिनं आतलं पाणी ओढायचं. आतला मणी तरंगला तर पोट भरलंय, बुडला तर उपाशी. महिन्यातनं एकदा प्रत्येकीला एक दिवस चार्जरला लावायची. तिच्या बोलीत, "पाजायची". दिवस भरला की वायर काढायची. तिचे चार्जर जुने होते, पोट भरलं म्हणून आपणहून थांबणारे नव्हते.

वरचं पाणी ती दुकानातलं, बॅटरीचंच घालायची. लोक मात्र हुशार. कपडे वाळवायच्या यंत्रात जे पाणी साठतं ते शुद्धच असतं असं म्हणून बाटल्या भरून आणायचे. एका बाईनं आणलेली बाटली विनीनं उघडून हुंगली आणि परत हातात दिली.

"ह्याला गुलाबाचा वास येतोय."

"कपड्याला घालते ना मी, वासाचं."

"मग कपड्यालाच घाल, बये. मला हिचं लगीन लावायचं न्हाई."

अशी ती. पंधरा हिवाळ्यांत तिच्या हाताखाली एक बॅटरी मेली नव्हती, आणि हे ती कुणाला सांगत नव्हती. कारण सगळ्यांना माहीतच होतं.

आता रोलंड मेडफर्थचं सांगायचं. रोलंड आणि विनी गावच्या शाळेत एका बाकावरचे. पुढं तो शाळेची बस चालवायचा आणि त्याची बायको आयरिस त्याच शाळेत जेवण रांधायची. गावातली दोन पिढ्यांची पोरं रोलंडनं नेली आणि आयरिसनं जेवू घातली. दोघांची एक छोटी, दोन माणसांची कॅरॅव्हॅन. तिला वीस वर्षं झालेली, पण आत शिरलं की साबणाचा वास.

चार वर्षांपासून आयरिसचं चित्त ठिकाणावर राहीना. आधी नावं गेली, मग वाटा. राहत्या घरात ती स्वयंपाकघर शोधत हिंडायची. जिन्याखालच्या फडताळाचं दार उघडून कोट धरून उभी राहायची आणि म्हणायची, "मला घरी सोडा की कुणीतरी." रोलंड म्हणायचा, "हेच घर हाय, आयरिस." ती त्याच्याकडं अनोळखी माणसाकडं बघावं तशी, अदबीनं बघायची. ती अदब त्याला खायची.

पण कॅरॅव्हॅनमध्ये वेगळंच. तिथं सगळं हाताच्या अंतरावर. बसल्या जागी हात लांबवला की चमचा, पाय लांबवला की पलंग. हरवायला जागाच नाही. तिथं तिला कपाटाची कडी कशी पिळायची ते ठाऊक, चहाचा डबा बाकाखाली डाव्या अंगाला ते ठाऊक, आणि रोलंड कोण तेही ठाऊक. तो विनीला म्हणाला होता, "घरात ती पाव्हणी असती गं. गाडीत मालकीण."

अडचण त्यांची मुलगी हेदर. म्हणजे हेदर वाईट नव्हती. लीड्सला मोठ्या दवाखान्यात कारकुनी करायची, दर पंधरा दिवसांनी यायची, आईची नखं कापायची. पण त्या साली सप्टेंबरात एका माळावर त्यांची बॅटरी बसली. मोटारीपासून सोडवलेली कॅरॅव्हॅन जागेवर वळवायला तिच्या चाकांना छोटी मोटर असते. बॅटरी बसल्यावर ती मोटर चालेना. ऐंशीच्या रोलंडनं ती कॅरॅव्हॅन खांदा लावून ढकलली आणि पाठ धरून तिथंच बसला. आयरिस अंधार पडायच्या आत दोनदा वाट फुटेल तिकडं चालायला लागली. हेदरला रजा टाकून जावं लागलं.

नोव्हेंबरात रोलंड बॅटरी घेऊन आला तेव्हा हेदर बरोबर होती. तिनं विनीसमोरच सांगितलं.

"मावशी, तुम्ही साक्षीला आहात म्हणून बोलते. मार्चच्या पहिल्या शनिवारी मी येणार. गाडी आपल्या मोटरवर जागेवरनं निघून फाटकापर्यंत आली, तर जा बापडे, मी तोंड उघडणार नाही. ढकलायची वेळ आली, तर विकायची. गिऱ्हाईक आहे माझ्याकडं."

"बॅटरी म्हातारी न्हाई," रोलंड म्हणाला. "मागल्या साली नवी टाकलीया. त्या दिवशी दिवा जळत राहिला व्हता आतला."

"तुम्ही म्हातारे आहात, बाबा."

"ते व्हय," रोलंड म्हणाला. "त्याला वॉरंटी न्हाई."

विनीनं बिल्ला घेतला, सतरा नंबरचा, कडीला अडकवला आणि दाराजवळच्या कप्प्यात, जिथं ती पूर्वी पहिलटकरणींना ठेवायची, तिथं ती बॅटरी ठेवली. मग हेदरला म्हणाली, "पोरी, हितनं मेलेलं कायबी भाईर जात न्हाई."

दर गुरुवारी रोलंड आयरिसला घेऊन यायचा. म्हणायचा फिरायला आणलंय. यायचा बॅटरी बघायला. मीटर लावायचा, आकडा बघायचा, मान हलवायचा. आयरिस पालथ्या बादलीवर बसायची. ती इथलीच पोर, डुकरांत वाढलेली. बाळंतघरात आल्यावर तिला आपण कुठं आलो ते बरोबर कळायचं, फक्त साल चुकायचं.

"किती झाली गं हिला?" बॅटरीकडं बघून ती विचारायची.

"अकरा," विनी सांगायची.

"समदी पित्यात?"

"भांडून पित्यात."

"एकांदं किरटं?"

"हाय की. तुझ्या न्हवऱ्यासारखं."

आयरिस खुदकन हसायची आणि रोलंड तोंड फिरवून मीटर पुसायचा.

जानेवारी ओला गेला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वारा उत्तरेचा झाला आणि गोठण सुरू झाली. नळ गोठले, रस्त्याला काच चढली. त्या गुरुवारी रोलंड कसाबसा आला. आयरिसच्या अंगावर दोन कोट. ती बादलीवर बसली आणि तिची नजर वर गेली, टांगलेल्या विझलेल्या दिव्याकडं.

"दिवा इझलाय की गं."

"असूंदे," विनी म्हणाली.

"असूंदे काय? गारठतील ना पिल्लं." तिची हनुवटी हलायला लागली. उठली, गळ्यातला मफलर सोडला आणि बॅटरीवर पसरून चारी बाजूंनी खोचायला लागली. "हिच्या आईला काय अक्कल हाय का? विनीला हाक मारा कुणीतरी. विनी असती तर असं झालं नसतं."

रोलंड तिचा हात धरून म्हणाला, "आयरिस, आगं ती बॅटरी—" पण ती रडत होती, लहान पोरीसारखी, नाक न पुसता.

विनीनं हात वर केला आणि बटण दाबलं. तांबडा उजेड खाली सांडला. "ह्ये बघ, लावला," ती म्हणाली. "आली विनी."

आयरिसनं उजेडात हात धरले. उलटे केले, सुलटे केले. मग शांतपणे बसली. जाताना रोलंड पुटपुटला, "आम्ही गेल्यावर इझव."

विनी विझवायलाच गेली होती. हे तिनं मला पुढं सांगितलं. बटणापर्यंत हात गेला आणि त्या हातावर तांबडा उजेड पडला. तो उजेड त्या खोलीत कित्येक वर्षांत लागला नव्हता. बाहेर दगड फुटेल अशी थंडी. एकतीस वर्षं तिच्या हातांना एकच शिकवण: असल्या थंडीत शेक काढायचा नाही आणि दूध तोडायचं नाही. तिनं दिवा ठेवला. वर, गोठणीत बॅटरी उपाशी नको म्हणून त्या दिवशी तिला लावलेला चार्जरही काढला नाही. "पिऊंदे पोटभर," म्हणाली.

नऊ दिवस गोठण राहिली. नऊ दिवस सतरा नंबर शेकाखाली पीत राहिली. बाकीच्या सगळ्या बॅटऱ्या गारठ्यात निवांत होत्या. भरलेल्या बॅटरीला थंडी सोसते, उलट मानवते. ऊब लागते ती जिवाला. बॅटरीला ऊब आणि वर सतत चार्ज म्हणजे चुलीवरचं भांडं. आतलं पाणी उकळून जातं. कारखान्यात वायरी ओढणाऱ्या मला हे ठाऊक होतं. पण रस्ता बंद होता आणि मी त्या शनिवारी गेलो नव्हतो.

गेलो तेव्हा बर्फ वितळायला लागलं होतं. दार उघडलं तर कुजक्या अंड्याचा वास. विनी सतरा नंबरची बुचं काढून आत बघत होती. मीही वाकून बघितलं. पाणी खाली गेलं होतं आणि आतल्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या, भुकेल्या जनावराच्या बरगड्या दिसाव्यात तशा. दिवा आत्ताच विझवून बाजूला सारलेला, साखळी अजून हलत होती.

"किती दिवस?" मी विचारलं.

"पाणी दे तिकडचं," ती म्हणाली.

तिनं पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पिचकारीनं बघितलं. सहा बुचांखालच्या सहा घरांपैकी पाच घरांत मणी तरंगला. सहाव्यात बुडला. मीटर लावलं तर मीटर म्हणालं, साडेबारा व्होल्टच्या वर, सगळं ठीक.

"मीटर चांगलं म्हणतंय," मी म्हणालो.

"मीटर नाडी बघतंय. वजं उचलाया लावलं म्हंजी कळंल."

"नवी आणून ठेवू का? रोलंडला कळायचं नाही."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी ढकलगाडीकडं वळलो. "किरटी हातावर जगवलीत म्या," ती म्हणाली. "तीन आठवडं हायत."

ते तीन आठवडे तिनं त्या बॅटरीमागं घालवले. थोडं पाजायचं, थांबायचं, थोडं पाजायचं. गुरुवारी रोलंड यायचा, मीटर लावायचा, आकडा बघून म्हणायचा, "झकास." विनी पाटीवर खडूनं काहीतरी लिहीत राहायची. ती खोटं बोलली नाही. गप्प राहिली, आणि तिच्यासारख्या बाईला ते जास्त जड गेलं. मीही गप्प. मला तर गप्प राहायला तेवढंही कारण नव्हतं.

मार्चचा पहिला शनिवार उजाडला तो स्वच्छ, वाऱ्याचा. आम्ही बॅटरी गाडीत बसवली. रोलंडनं तांबडी जोडली, मग काळी, मोठ्यानं म्हणत. आयरिस आत गेली. दर साली मोसमातला पहिला चहा गाडी बाहेर काढायच्या दिवशी गाडीतच करायचा, हा त्यांचा नेम. गॅस आणि पाण्याचा डबा रोलंडनं सकाळीच आत ठेवला होता. हेदर नव्या पांढऱ्या बुटांत चिखल चुकवत उभी.

रोलंडनं हातातल्या रिमोटचं बटण दाबलं. मोटर गुणगुणली. गाडी निघाली, एक हात, दीड हात. रोलंडनं आमच्याकडं बघितलं. बस चालवताना शेवटचं पोर चढल्यावर बघायचा तसं. आणि मोटरचा आवाज खाली खाली गेला, एखाद्याला बोलता बोलता झोप लागावी तसा, आणि थांबला.

त्यानं पुन्हा दाबलं. टक्. पुन्हा. टक्.

"बाबा," हेदर म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "आपलं ठरलं होतं."

"थांब, वायर सैल आसंल—"

"बाबा."

"वायर सैल न्हाई," विनी म्हणाली. ती दोन पावलं पुढं आली. "रोलंड, ते बटण ठेव खाली. बॅटरी म्या मारली."

आतून कपाटाची कडी पिळल्याचा आवाज आला.

"गोठणीत शेकाखाली ठेवली नऊ दिस. पाणी आटलं तिचं. मला तीन आठवड्यामागंच कळलंय. तुला सांगितलं न्हाई. तू दर गुरवारी झकास म्हणून जात हुतास नि म्या जाऊ देत हुते." मग हेदरकडं वळून, "तुझ्या बापानं कायबी चुकवलं न्हाई. गाडीनं बी न्हाई. विकायचं तर वीक, पर त्याच्या म्हातारपणाच्या नावावर घालू नगंस. माझ्या घाल."

"तुम्ही म्हणाला होतात," हेदर म्हणाली, "इथून मेलेलं काही बाहेर जात नाही."

"म्हणाले हुते."

"पंधरा वर्षं बॅटऱ्या सांभाळताय. शेकाखाली कशाला ठेवायची ती?"

उत्तर रोलंडनं दिलं, बुटांकडं बघत. "तुझी आई रडत हुती. पिल्लं गारठतील म्हणून."

हेदरनं एकदा डोळे मिटले. मग म्हणाली, "मी तिला घेऊन येते," आणि गाडीच्या पायरीवर चढली.

आम्ही बाहेर उभे. दार उघडंच होतं.

"बूट!" आतून आयरिस ओरडली.

"आई, चल, आपण—"

"बूट काढ आधी! गालिचा कुणी पुसायचा? तुझा बाप पुसतोय व्हय? कितींदा सांगायचं या पोरीला!"

हेदर मेडफर्थ, वय छप्पन्न, खाली बसली आणि तिनं बुटाच्या नाड्या सोडल्या. आयरिसनं मागं न बघता हात वर करून कपाटातनं कप काढले. एक, दोन, तीन, चार, पाच. आम्ही पाचजण होतो. बाकाखाली डाव्या हाताला वाकून चहाचा डबा काढला. शाळेतल्या दोनशे पोरांना वाढलेला हात. चमचा मापानं भरला, काठावर पुसला. "तिकडं सरक," लेकीला म्हणाली, "मधी बसू नगं." हेदर सरकली. किटलीची वाफ काचेवर धरली आणि मग आम्हाला आतलं दिसेना.

बऱ्याच वेळानं हेदर बाहेर आली. पायात नुसते मोजे, ओल्या गवतावर. हातात दोन कप. एक विनीला दिला, एक मला. विनीनं घेतला.

"घरी तिनं परवा किटली फ्रीजमध्ये ठेवली होती," हेदर म्हणाली. "मी समजत होते, बाबा मला फसवतात. इकडं ती बरी असते म्हणून." तिनं नाक ओढलं. "नवी बॅटरी कुठं मिळते?"

"आमच्या कारखान्याजवळ गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे," मी म्हणालो. "अर्ध्या तासात आणतो."

"दाम म्या देणार," विनी म्हणाली.

"नाही," हेदर म्हणाली. "तुम्ही सांभाळायची. नोव्हेंबरात आणते मी स्वतः. गारठ्यात ठेवा, एवढंच."

"आन् ढकलायची वेळ आली तर?" रोलंडनं विचारलं. न विचारता राहवलं नसावं.

"तर मला फोन करायचा. मी ढकलीन." मग आपल्या मोज्यांकडं बघून, "बूट घालून."

दुपारी नवी बॅटरी बसवली आणि कॅरॅव्हॅन आपल्या मोटरवर कुरकुरत फाटकापर्यंत आली. आयरिस खिडकीत बसून सगळ्यांना हात करत होती, मिरवणुकीतल्या राणीसारखा.

मेलेली सतरा नंबर विनीनं स्वतः ढकलगाडीत घातली. खाटकाकडं पाठवायच्या डुकरिणीच्या पाठीवर खूण करायची तांबडी रंगकांडी तिच्याकडं अजून होती. तिनं झाकणावर एक फुली मारली, पाटीवर सतरासमोर "मेली" असं लिहिलं आणि खाली कारण लिहिलं: "विनी". ते तिनं वर्षभर पुसलं नाही. बॅटऱ्या द्यायला-न्यायला येणारा प्रत्येक जण वाचून जायचा.

त्याच आठवड्यात तिनं मला शिडी धरायला लावली. चोवीसच्या चोवीस दिवे साखळ्यांसकट उतरवले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि कोंबड्या पाळणाऱ्या एका पोरीला देऊन टाकले. "अंड्यास्नी ऊब लागती," म्हणाली. "हितं आता कुणाला न्हाई." शेवटचा दिवा उतरवताना मात्र शिडीवर जरा जास्तच थांबली. मी शिडी धरून होतो. वर बघितलं नाही.

त्या उन्हाळ्यात रोलंड आणि आयरिस अकरा आठवडे गाडीत राहिले. हेदरला तीनदा फोन गेला. तीनदा ती बूट घालून गेली.

नोव्हेंबरात बॅटरी आली. हेदरनं आणली, आईबापांसकट. बिल्ला पुन्हा सतरा. आयरिस आता कमी बोलायची, पण बादली दिसताच बसली. बॅटरीकडं बघितलं, मग वर बघितलं. वर नुसता हूक.

"दिवा न्हाई," ती म्हणाली. हनुवटी हलली.

हेदर पुढं झाली. विनीनं तिला हातानंच थांबवलं. गुडघे मोडत ती आयरिससमोर उकिडवी बसली, बॅटरीवरनं हात फिरवला आणि आयरिसचा हात धरून तिच्यावर ठेवला.

"थंड लागतंय न्हवं? बरं हाय ते. दूध तुटलं त्यांचं, आयरिस. मोठी झाली पिल्लं."

"झाली?"

"समदी. अकराच्या अकरा."

आयरिसनं विचार केला. मग हात काढून घेतला आणि कोटाच्या खिशात घातला. "मग कशाला लाड करतीस," ती म्हणाली. "चल, चहा टाक."